मे महिन्यातली शाल

आमच्या घरात बसण्याआधी हात फिरवून बघायची सगळ्यांनाच सवय लागली होती. झोपाळ्यावर, पडवीतल्या बाकावर, तांदळाच्या कणगीमागे, कुठे ना कुठे माझ्या विणायच्या सुया पडलेल्या असायच्या आणि त्यांच्यावर कसलं तरी अर्धं काम. बाबा एकदा घाण्यावरून दमून आले, बाकावर टेकले आणि तसेच उठले. ओरडले नाहीत. सुई उपसून त्यांनी ती माझ्यापुढे धरली आणि विचारलं, "हे काय व्हनार हाय?" मी म्हटलं, "मफलर." "आनि काल व्हतं ते?" "ती टोपी." "आनि परवाचं?" परवाचं काय होतं ते मला स्वतःलाच आठवेना. आई चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसत होती. बाबा हसत नव्हते. त्यांनी सुई माझ्या हातात दिली आणि पाय धुवायला मागल्या दारी गेले.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, रेवदंड्याच्या खाडीजवळच्या एका वाडीतले. पिढ्यानपिढ्या तेल काढायचा धंदा, आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून आसपासचे लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे. त्यात राग नसे. एखाद्याला सुतार म्हणावं तसं ते होतं. घाणा घराला लागूनच होता. रविवारी पहाटेपासून शुक्रवारी दुपारपर्यंत त्याच्या लाकडाची करकर चालायची, इतकी सतत की ती थांबली की आमची झोप मोडायची. कपड्यांना, वह्यांना, उशीला, सगळ्याला खोबरेलाचा वास. शुक्रवारी घाणा थांबला की त्यावर आईच्या स्वयंपाकाचा वास चढायचा. नारळाच्या दुधातलं मटणाचं कालवण, तांदळाच्या आंबोळ्या, सणाला सांदणं. शेजारच्या कोळ्यांकडे कोळंबी शिजायला लागली की मी कुंपणाशी जाऊन नुसता वास घेऊन यायचे, कारण समुद्रातलं खवलं नसलेलं काही आम्हाला चालत नसे. अशा घरात, जिथे जानेवारीतसुद्धा एक पातळ चादर पुरते, लोकरीचं काम आलं कुठून असं कुणालाही वाटेल. ते काकांच्या ट्रंकेतून आलं.

काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. पलटणीच्या इस्पितळात कोठी सांभाळायचे, सुभेदार होऊन निवृत्त झाले, आणि काकी गेल्यावर आमच्याकडे राहायला आले. त्यांची सगळी उमर रावळपिंडी नि काश्मीरकडे गेलेली. मोठ्या लढाईत जखमी झालेल्या गोऱ्या सोल्जरांना खाटेवर पडल्यापडल्या हाताला काम म्हणून विणायला देत, आणि त्यांच्याकडून काका ते शिकले होते. पिळदार मिशा, ताठ पाठ, आणि हातात छत्रीच्या काड्या घासून केलेल्या दोन सुया, असे ते सकाळी पडवीत बसायचे. वाटेने जाणारी माणसं मुद्दाम थांबायची. "सुभेदार, बायांचं काम तुम्ही कवापासून करतांव?" असं कुणी विचारलं की काका टाका न चुकवता सांगायचे, "बंदूक धरनारा हात हाय, सुई बी धरतो. तू एक तरी धरून दाव." त्यांनीच मला विणायला शिकवलं. सुलट टाका, उलट टाका, टाके वाढवणं, घटवणं, सगळं कवायतीसारखं. चुकले की म्हणायचे, "हवालदार, पीछे मुड," आणि मला ओळ उसवावी लागे.

ट्रंक उघडली तो दिवस मला स्वच्छ आठवतो. वर तंबाखूची नि कडुनिंबाची सुकी पानं, आणि खाली मलमलीच्या पुरचुंड्यांत बांधलेली एकेक चीज. मेरिनो मेंढीची लोकर, पांढरी आणि थोडी चिकट. अंगोरा सशाचे केस, इतके हलके की काकांनी पुरचुंडी सोडली तेव्हा आईने दार लावून घेतलं, नाहीतर ते वाऱ्यावर घरभर झाले असते. यारकंदी उंटाची तपकिरी लोकर. कच्चं रेशीम. आणि काश्मीरहून आणलेला पश्म, ज्याची पश्मिना शाल होते, त्याचा राखाडीकडे झुकणारा पांढरा पुंजका. तो मी तळहातावर घेतला तर हातात काही आहे असंच वाटेना, फक्त हात ऊबदार झाला. प्रत्येक पुरचुंडीत काकांनी नावाची चिठ्ठी ठेवली होती, पण चिठ्ठ्या कसरीने खाल्ल्या होत्या. तळाशी एक जुडी निघाली, वेणीसारखी पिळून बांधलेली, पिकल्या पेंढ्याच्या रंगाची, तकतकीत. काकांनी ती उजेडात धरली, ओढून बघितली. "ही कुनी दिली ते काय आठवत न्हाय. तिथल्या कुन्या नर्सबाईनं असंल. चकाकी बघ, रेशीमच हाय."

सूत काढायला मी शाळेतच शिकले होते. ते दिवस घरोघर टकळी फिरण्याचे होते, आणि आमच्या मास्तरांनी वर्गातल्या प्रत्येकाला टकळी आणायला लावली होती. कापूस मला कंटाळवाणा वाटायचा. पण पश्म टकळीवर घेतला आणि मी हरखूनच गेले. तो इतका आखूड की टकळी हवेत सोडली तर धागा लगेच तुटायचा, म्हणून मी तिचं टोक करवंटीत टेकवून फिरवायची. अंगोऱ्याला जरा ओढलं की तो निसटायचा. मेरिनो समजूतदार होती. उंटाची लोकर नाकात जायची आणि मी शिंका देत कातायची. आणि मे महिना जवळ येऊ लागला की तळव्याला घाम सुटून सगळंच चिकटायला लागायचं, मग मी हाताला तांदळाचं पीठ लावायची आणि आई म्हणायची, भाकऱ्या तरी थाप त्या हातानं.

एकाच वेळी माझी पाच कामं चालू होती. थोरल्या बहिणीच्या होणाऱ्या बाळासाठी अंगोऱ्याची टोपी. ते बाळ पनवेलला जन्मलं, बसू लागलं, चालू लागलं, आणि टोपी कानापर्यंतच होती. काकांसाठी उंटाच्या लोकरीचा मफलर. आईसाठी रेशमी बटवा. माझ्यासाठी मेरिनोचा स्वेटर, जो मी कधी घालणार होते देव जाणे. आणि बाबांसाठी पश्मिना शाल. सकाळी मफलर हातात घ्यावा तर दहा ओळींत मन बटव्याकडे धावायचं. बटवा घेतला की वाटायचं, आज हवा कोरडी आहे, अंगोरा आजच कातून घ्यावा. कातायला बसलं की शालीचा नमुना डोळ्यांसमोर नाचायचा. मी आळशी नव्हते, उलट दिवसभर माझे हात थांबत नसत. पण कुठलंही काम निम्म्यावर आलं, आता ते कसं होणार हे कळलं, की माझा त्यातला जीव जायचा. आज माझ्या बोटांची पेरं सुजली आहेत आणि डॉक्टरांनी सुया लांब ठेवायला सांगितलंय, तरी हे लिहिताना उशीखाली दोन कामं आहेत. सुनेला त्यातलं एकच ठाऊक आहे.

खरं सांगायचं तर त्या वर्षी माझ्या अस्वस्थपणाला लोकरीचं फक्त निमित्त होतं. मी सतरा वर्षांची, मराठी फायनल पास झालेली, आणि मला मुंबईला जाऊन मास्तरीण व्हायचं होतं. तिथे ट्रेनिंगचा वर्ग जूनमध्ये सुरू व्हायचा. भायखळ्याला मावशी होती, तिने जागा देऊ केली होती, वर्गाच्या बाईंशी बोलूनही ठेवलं होतं. आई तयार होती. काकांनी तर माझ्यासाठी पत्र्याची पेटी रंगवूनही ठेवली. अडलं होतं ते बाबांपाशी. संध्याकाळी मी समुद्रावर जायची आणि मुंबईची आगबोट लांबून दिसली की ती दिसेनाशी होईपर्यंत उभी राहायची. घरी आले की एक काम उचलायची, ठेवायची, दुसरं उचलायची. आई म्हणायची, "पोरी, तुझ्या पायाला काय मुंग्या लागल्यात काय?"

बाबा कमी बोलायचे. कुठलीही गोष्ट पुरी झाल्याशिवाय तोंडातून काढायची नाही, ही त्यांची खोड. घाण्याला नवा बैल आणला तेव्हासुद्धा तो दारात येऊन उभा राहिल्यावरच आम्हाला कळलं. एप्रिलच्या शेवटी एका संध्याकाळी मी पुन्हा मुंबईचं काढलं तेव्हा त्यांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "रिबका, तुला मास्तरीन व्हायचं हाय. पोरांना तू काय शिकवशील? पाच कामं काढलीस, एक बी तडीस नेलं न्हायस. मुंबईस जाशील, दोन म्हयन्यांत तुला तिसरंच काय तरी करावंसं वाटंल." मी म्हटलं, तसं होणार नाही. ते म्हणाले, "त्यातलं एक पुरं करून दाव. कुठलं बी. शेवटची आगबोट सुटायच्या आधी. मग मी स्वतः तुला पोचवीन." काका म्हणाले, "मफलर थोडाच राहिलाय, तोच कर." पण मी तिरीमिरीत म्हणून गेले की मी बाबांची शालच पुरी करीन. पाचांतलं सर्वांत मोठं काम. बाबांनी मान हलवली आणि पुन्हा जेवायला लागले.

शेवटची आगबोट म्हणजे काय ते आजच्या लोकांना सांगावं लागेल. मे महिना सरत आला की समुद्र फिरायचा आणि आमच्या बंदरातली वाहतूक नारळी पौर्णिमेपर्यंत बंद व्हायची. त्यानंतर मुंबईला जायचं म्हणजे बैलगाडीने चिखल तुडवत धरमतर गाठायचं, तिथून लाँच मिळाली तर मिळाली. मुलीला घेऊन त्या वाटेने कुणी जात नसे. माझ्या हातात चार आठवडे होते. मी बाकीची चार कामं काकांच्या ट्रंकेत टाकून किल्ली आईकडे दिली. पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात मी दोनदा आईकडे किल्ली मागितली, तिने दिली नाही. सकाळी कातायचं, दुपारी विणायचं. बाहेर लोक आंबे काढत होते, अंगणात आमसुलं वाळत होती, आणि मी घामाने निथळत मांडीवर शाल घेऊन बसलेली. कोळीण मासळी घेऊन आली की दारातूनच विचारायची, "बाय, थंडी वाजते काय गं?" त्या दिवसांत मला त्या शालीचा राग यायचा. ती सुंदर होत होती, हे मला दिसत होतं, तरी राग यायचा.

शालीचा तिसरा हिस्सा उरला असताना पश्म संपत आला. पुंजका हातात घेतला तेव्हाच मला कळलं की हा काही पुरत नाही. काश्मीरहून मागवायला वेळ नव्हता, आणि मेरिनोचा रंग जुळत नव्हता. मग मला तळाची ती जुडी आठवली. पश्माचा एक पदर आणि त्या चकाकत्या रेशमाचा एक पदर असा पीळ दिला तर पश्म दुप्पट पुरणार होता, शिवाय काठाला तेज येणार होतं. काकांना दाखवलं. ते म्हणाले, "शाबास, हवालदार." एकच गोष्ट विचित्र होती. ते रेशीम कोरडं कातलं की धागा ताठ नि काटेरी व्हायचा. बोट थुंकीने ओलं केलं की मात्र एकदम वळायला लागायचं, गुळगुळीत व्हायचं. खऱ्या रेशमाला पाणी लागत नाही, हे मी बटव्याच्या वेळी स्वतः अनुभवलेलं होतं. मला ते तेव्हाच खटकायला हवं होतं. पण खटकलेल्या गोष्टीपाशी थांबायचं कुणी? मी पाण्याची वाटी जवळ घेतली आणि पुढे कातत राहिले.

गुरुवारी संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, शेवटचा टाका बंद केला. आगबोट सोमवारी होती. मी शाल घेऊन घाण्याकडे धावले. बाबांनी हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले, तेल राहायला नको म्हणून, आणि मगच ती हातात घेतली. त्यांनी काठ दोन्ही बाजूंनी बघितला. शनिवारी सकाळी प्रार्थनेला निघताना त्यांनी पांढरा सदरा घातला आणि त्यावर ती शाल पांघरली. मे महिन्याच्या अखेरीस. आई म्हणाली, "अवो, उकडून मराल." ते म्हणाले, "मला न्हाय उकडत." कोपऱ्यावर जाईपर्यंत त्यांच्या मानेवरून घामाच्या धारा लागल्या होत्या. वाटेत जो भेटेल त्याला, विचारलेलं नसताना, ते सांगत होते, "पोरीनं केली. सूत बी तिनंच काढलं." मी मागे आईबरोबर चालत होते. इतका आनंद मला त्याआधी झाल्याचं आठवत नाही.

आमच्या सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणायचो. तिथे प्रार्थना चालवणारे हज्जान मुंबईचे होते, पुस्तकी बोलायचे, आणि त्यांच्या वडिलांचं मुंबईत कापडाचं दुकान होतं. प्रार्थनेच्या आधी बाबा त्यांच्याजवळ गेले. मी बायकांच्या बाजूने, जाळीतून बघत होते. हज्जानांनी कौतुकाने शालीचा काठ बोटांत धरला, चुरला, आणि त्यांचे हात थांबले. त्यांनी काठ गालाला लावून बघितला. मग हळू आवाजात, पण मशिदीत एवढी शांतता होती की सगळ्यांना ऐकू गेलं, ते म्हणाले, "हे रेशीम नाही. हे लिनन आहे. जवसाच्या काडीचं सूत. गालाला गार लागतं." बाबांना उलगडा होईना. हज्जान म्हणाले, "लोकर आणि जवसाचं सूत एका वस्त्रात आलं की ते आपल्याला अंगावर घालता येत नाही. आपल्या शास्त्रात, तोरात, तशी आज्ञा आहे. तुम्ही ती आत्ता उतरवा." आमच्या वाडीत लोकर कुणी घालत नव्हतं आणि लिनन कुणी बघितलं नव्हतं, ही आज्ञा मोडायची संधीच आमच्यात कधी कुणाला मिळाली नव्हती. ती मी शोधून काढली. बाबांनी सगळ्यांसमोर शाल खांद्यावरून काढली. ती कुठे ठेवावी ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ती घडी घालून दाराबाहेरच्या कट्ट्यावर ठेवली आणि परत येऊन आपल्या जागेवर उभे राहिले. त्यांच्या सदऱ्याची पाठ घामाने ओली झालेली सगळ्यांना दिसत होती.

घरी कुणी मला रागावलं नाही, आणि तेच मला सोसेना. शनिवार, म्हणजे काही करायचं नाही. चूल नाही, शिवण नाही, गाठ बांधायची नाही की सोडायची नाही. इतर शनिवारी मी कशीबशी निभावून न्यायची. त्या दिवशी मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत या दारातून त्या दारात फिरत राहिले. शाल बाकावर घडी घालून ठेवलेली. तिच्याकडे बघितलं की माझ्या बोटांना कंड सुटायचा. माझ्या मनाने पक्कं घेतलं होतं की सगळं संपलं. जी शाल घालता येत नाही ती शाल कसली, आणि शाल नाही तर मुंबई कसली. काका झोपाळ्यावर पाठ वाकवून बसले होते. त्यांना मी तसं बसलेलं कधी बघितलं नव्हतं. संध्याकाळी ते आणि बाबा अंगणात बराच वेळ हळू बोलत उभे होते. काय बोलत होते ते मी विचारलं नाही. मला वाटलं, आमच्या फजितीचंच बोलत असतील.

रविवारी पहाटे घाण्याची करकर सुरू झालीच नाही. उठून बघते तर बाबा आणि काका दोघेही घरात नव्हते. कुठे गेले ते आईलाही ठाऊक नव्हतं. मी तास-दीड तास थांबले असेन. मग शाल घेऊन मागल्या पडवीत बसले. मनात म्हटलं, निदान जवसाचा भाग काढून टाकते, उरलेली शाल तरी चोख राहील. आई म्हणाली, "थांब गं. तुझ्या बापाला येऊ दे." मी शेवटचा टाका उसवला. सुरुवातीला धागा सरसर आला. मग पश्माची लव लवेत अडकायला लागली, ओढलं की तुटायला लागलं. तुटलं की मी कातरी लावत होते. जवसाचा भाग संपला तेव्हा मी थांबायला हवं होतं, पण हात आता थांबेनात. चार आठवड्यांचा राग होता की कालच्या लाजेचा, मला सांगता येणार नाही. खालचा निव्वळ पश्मही मी उसवला, तो तर आणखीच तुटला, आणि आई उठून आत गेली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा माझ्या पुढ्यात नुसते गुंते पडले होते, आणि मला हलकं वाटत होतं. ते हलकं वाटणं मी आजही स्वतःला माफ केलेलं नाही.

बाबा आले ते हसतमुख. तेही मी क्वचित बघितलेलं. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून आगबोटीची दोन तिकिटं डोकावत होती. ते दारातूनच बोलायला लागले, "रिबका, ऐक, काकानं काय सांगितलंन. पश्म मेंढीचा नस्तो, बकरीचा अस्तो. पोटाखालची लव. हज्जानला जाऊन विचारलं. ते म्हनतात, बकरीचं आपल्याला ठाऊक न्हाय, कोचीनच्या आपल्या धर्माच्या जानत्या लोकांना लिवून विचारतो. उत्तर येईस्तवर शालीला हात—" इथे त्यांना माझ्यापुढचा गुंता दिसला.

काका मागे उभे होते. त्यांनी फक्त "अरे रे" म्हटलं. बाबांनी खाली बसून धाग्याचा एक तुकडा उचलला, मग दुसरा. "आनि मुंबई?" मी विचारलं. मला माहीत आहे, त्या वेळी मी हे विचारायला नको होतं. ते म्हणाले, "मी कालच ठरवलं व्हतं. शाल तू पुरी केलीस. ती मला घालता येते का न्हाय, तो माझा नि देवाचा सवाल. तिकिटं काढून आलो." मग हातातले तुकडे खाली ठेवून, "पन तुला येक दिवस धीर धरवला न्हाय, रिबका. सकाळपासून दुपारपर्यंत धरवला न्हाय." मी म्हटलं, "तुम्ही सांगून गेला असतात तर?" ते म्हणाले, "व्हय. सांगायला पायजे व्हतं." पण तिकिटं ते परत करून आले. सोमवारी आगबोट गेली. त्या संध्याकाळी मी समुद्रावर गेले नाही.

तो पावसाळा कसा काढला ते सांगण्यासारखं नाही. ट्रंकेची किल्ली आईने न मागता माझ्या हातात दिली, पण मला एकाही कामाला हात लावावासा वाटेना. लोकरीला बुरशी धरू लागली तेव्हा काका एकटेच ती चुलीजवळ वाळवत बसायचे. मी घाण्यावर बाबांना मदत करायची, घमेल्यातली पेंड काढायची, आणि आम्ही दोघं कामापुरतं बोलायचो. मला बाबांचा राग होता. त्यांनी शब्द फिरवला, असं मला वाटत होतं, आणि माझ्याही हातून काय झालं हे ठाऊक असल्यामुळे तो राग मला धड करताही येत नव्हता.

श्रावणात कोचीनचं पत्र आलं. हज्जान ते घेऊन डोक्यावर इरलं धरून आमच्याकडे आले, आणि बाकावर, आधी हात न फिरवता, बसले. त्यांनी पत्र वाचून अर्थ सांगितला. निषिद्ध आहे ते मेंढीच्या लोकरीचं आणि जवसाच्या सुताचं मिश्रण. बकरीचे केस, उंटाचे केस त्यात येत नाहीत. शालीत दोष नव्हता. "माझ्याकडून घाई झाली," हज्जान म्हणाले, "मी आधी विचारायला हवं होतं कसली लोकर आहे ते." पागोळ्यांचा आवाज येत होता. आईने चहा आणला, तो त्यांनी घेतला आणि ते गेले.

ते गेल्यावर मी बाबांसमोर जाऊन उभी राहिले. मला हे कसं सुचलं कुणास ठाऊक; बहुधा हज्जानांचं इतकं ऐकून त्यांच्यासारखं बोलायला लागले होते. मी म्हटलं, "बाबा, तुमची अट काय होती? एक काम पुरं करून दाखव, आगबोट सुटायच्या आधी." "व्हय." "गुरुवारी संध्याकाळी शाल पुरी झाली होती. तुम्ही हातात घेतली." "घेतली." "शनिवारी अंगावर घातली. आणि तिच्यात दोष नव्हता, असं आता कागदावर आलंय. मग अट पुरी झाली होती. नंतर मी ती उसवली, फाडली, जाळली, काही केलं असतं तरी पुरी झालेली गोष्ट पुरी झाली ती झालीच. तिकिटं परत करायला नको होती." काका झोपाळ्यावर पुढे सरकून ऐकत होते. मला वाटलं होतं बाबा रागावतील. "बराबर हाय तुझं," ते म्हणाले. "हे त्या दिवशीच बोलली असतीस तर?" मी म्हटलं, "त्या दिवशी मलाच ते पटलं नसतं." ते किंचित हसले. "बुधवारी गाडी जोडू. धरमतरला लाँच असंल तर असंल, नसंल तर तिथं कुनाकडं तरी राहू."

आई आत माझी पेटी काढायला गेली. मी पण उठले. तेवढ्यात बाबांनी मला हाक मारली, आणि इतक्या सहज, जणू मीठ मागावं तसं, ते म्हणाले, "शाल मातर मला पायजे व्हती गं."

वर्ग सुरू होऊन दोन महिने झाले होते. मावशीने बाईंच्या पायऱ्या झिजवल्या आणि बाईंनी मला वर्गात घेतलं. ट्रेनिंग मी पुरं केलं, आणि पुढे तीस वर्षं मुलांना शिकवलं. बाबा त्यानंतर अकरा वर्षं होते. दर सुट्टीत मी घरी जायची, आणि त्यांनी शालीचं पुन्हा कधी काढलं नाही. मी ती त्यांच्यासाठी दोनदा सुरू केली.